भिंतीच्या आतला समुद्र

आमच्या घरात मी ही गोष्ट काढली की बायकोला गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवतं आणि मुलगी कानात इयरफोन घालते. तरी मी सांगतो. आयुष्यात धाडस म्हणावं असं मी एकदाच केलंय, आणि तेही एका प्लास्टिकच्या बदकात बसून. त्या बदकात माझ्या शेजारी ज्या बसल्या होत्या, त्यांच्याविषयी हे आहे.

अमिरातीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका गावात सगळे त्यांना नाखवीण म्हणत. मूळच्या रायगडच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातल्या. नवरा टगवर सारंग, म्हणजे मोठमोठी जहाजं आणि बिनइंजिनाचे मालवाहू बार्ज ओढून नेणाऱ्या बोटीवरचा मुख्य माणूस. त्यांच्याकडे अशा माणसाला नाखवा म्हणतात, म्हणून ह्या नाखवीण. खरं नाव त्यांच्या एमिरेट्स आयडीवर असणार. मी ते कधी पाहिलं नाही आणि विचारायची छाती झाली नाही.

मी त्यांचा भाडेकरू. त्याआधी दुबई मरीनातल्या एका हॉटेलात गेस्ट रिलेशन्स बघायचो. लोकांच्या शिव्या हसतमुखानं ऐकायच्या, असं ते काम. एक दिवस साहेबांनी बोलावून सांगितलं, की पूर्वेच्या किनाऱ्यावर कंपनीचं नवं रिसॉर्ट झालंय, तिकडे तुझी बढती. बायको म्हणाली, "बढती असती तर पगार वाढला असता. ही बदली आहे." मुलीच्या शाळेमुळे त्या दोघी दुबईतल्या अल मनखूलच्या फ्लॅटमध्येच राहिल्या आणि मी कामाचे दिवस तिकडे काढू लागलो, डोंगर आणि समुद्र यांच्या चिमटीत सापडलेल्या त्या गावात.

खोली बघायला गेलो तेव्हा त्या अंगणात बसून सुरमई कापत होत्या. मान वर न करता विचारलं, "पोहता येतं?"

"नाही."

"मग समुद्राकाठी नोकरी कशाला धरलीस?"

"मी ऑफिसात बसतो, मावशी."

"का? ऑफिस बुडत नाय?"

भाड्याचं बोलणं त्यानंतर झालं, आणि तेही त्यांनीच केलं. मी फक्त मान हलवली. त्या दिवसापासून मी त्यांच्या तोंडी 'मॅनेजर' झालो. रिसॉर्टमध्ये मला मॅनेजर म्हणणारं कुणी नव्हतं, त्यामुळे ते मला आवडायचं.

त्यांच्या घरात एकच कडक नियम होता. समुद्राकडे पाठ करून कुणी बसायचं नाही. अंगणात हे सोपं होतं. आत मात्र समुद्र फ्रिजच्या मागच्या दिशेला, दोन गल्ल्या आणि एक अख्खं रिसॉर्ट ओलांडून होता. त्यामुळे आम्ही फ्रिजकडे तोंड करून जेवायचो. एकदा माझी मुलगी सुट्टीत आली आणि नकळत फ्रिजला पाठ टेकून बसली. नाखविणीनं तिला ताटासकट उचलून फिरवलं. पोरगी म्हणाली, "बाबा, व्हॉट जस्ट हॅपन्ड?" मी म्हटलं, "बेटा, समुद्र मागे होता." तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर अजून पूर्ण उतरलेली नाही.

दुसरी गोष्ट फोनची. नवरा महिनोन् महिने पाण्यावर. पण सिग्नल असला की संध्याकाळी फोन यायचाच. त्यांचं बोलणं मी भिंतीपलीकडून रोज ऐकायचो. त्या विचारायच्या, "जेवलास?" मग थोडं थांबून, "बरं." आणि फोन खाली. संपलं. मी घरी बायकोशी व्हिडिओ कॉलवर तासभर बोलून जेवढं सांगू शकत नव्हतो, तेवढं त्यांच्या त्या 'बरं'मध्ये असायचं. हे मी बायकोला एकदा म्हणालो. ती म्हणाली, "मग तूही तेवढंच बोल, मला भाजी टाकायची असते."

आता माझ्या कामाचं. रिसॉर्टच्या प्रत्येक खोलीत एक जाड फोल्डर असायचं, आणि त्यात गावाचा इतिहास आणि मोहिनी यावर दोन पानं हवी होती. ती मी लिहावीत असं ठरलं, कारण मी गावात राहत होतो. मी मोठ्या हौसेनं सुरुवात केली, 'कधीकाळी हे मासेमारीचं एक शांत गाव होतं,' आणि नाखविणीला मराठीत करून वाचून दाखवलं.

"शांत?" त्या म्हणाल्या. "मासे विकणारी मानसं तू कवा शांत बघितलीस?"

मग त्यांनी सांगितलं. त्या लग्न करून इथे आल्या तेव्हा किनाऱ्यावर खजुरीच्या झावळ्यांची खोपटी होती आणि त्यांत जाळी ठेवत. जाळं इतकं जड भरायचं की माणसांच्यानं ओढवत नसे, दोन्ही टोकांना पिकअप गाड्या जुंपायचे. बायका टोपल्या घेऊन ओरडायच्या, मांजरं त्यांच्याहून मोठ्यानं. एक लहानसं हॉटेल होतं. तिथे तेलकंपन्यांचे गोरे लोक सुट्टीला येऊन लाल होऊन जायचे. मग डोंगर फोडून रस्ता झाला, बोगदे झाले, आणि दुबईचे लोक जेवायच्या वेळेला निघून संध्याकाळच्या आत इथे पोचायला लागले.

"मग लोकांना समुद्र दिसला," त्या म्हणाल्या. "आधी काय आंधले होते?"

मी वाक्य बदललं. 'गजबजलेलं गाव' केलं. वरच्या साहेबांकडून ते खोडून पुन्हा 'शांत' आलं. पाहुण्यांना शांतता विकायची होती, आणि खरं सांगायचं तर ती विकण्यासारखी होती. सकाळी डोंगर गुलाबी व्हायचे, खाली पाणी हिरव्या काचेसारखं पडलेलं असायचं, आणि मुंबईहून आलेला एखादा गुजराती आजोबा त्या पाण्यात गुडघाभर उभा राहून जन्मात पहिल्यांदा काही न बोलता राहायचा. मीसुद्धा ड्युटीच्या मधे पाच मिनिटं चोरून बघायचो.

ते पाणी इतकं निवांत कसं, हे फोल्डरमध्ये नव्हतं. रिसॉर्टनं समुद्रात दगडांचा मोठा अर्धगोल बांध घातला होता. लाटा बाहेर अडायच्या. एका बाजूला अरुंद तोंड ठेवलं होतं, बाकी सगळं बंद. नाखवीण त्याला 'भिंतीच्या आतला समुद्र' म्हणायच्या. राग असला की नुसतं 'टब'.

तरी रोज संध्याकाळी त्या तिथेच यायच्या. त्यांच्या दारातून निघणारी जुनी पायवाट सरळ समुद्रावर जायची. आता मधे रिसॉर्टची कंपाउंड वॉल आणि स्टाफ गेट होतं. सिक्युरिटी सुपरवायझर हनीफभाई श्रीवर्धनचे, ते त्यांना भाबी म्हणत आणि गेट उघडत. त्या पाण्याशी जाऊन उभ्या राहायच्या, बोटं बुडवून कपाळाला लावायच्या आणि परत यायच्या. गोऱ्या पाहुण्यांना वाटायचं ही रिसॉर्टनंच नेमलेली कुणी आहे.

त्या वर्षी श्रावणात दोन गोष्टी झाल्या. नवे जनरल मॅनेजर आले आणि नाखव्याचा फोन थांबला.

तिकडे श्रावणात ऐन उन्हाळा, आणि त्यातच पावसाळी वाऱ्याची मोठी लाट ओमानच्या बाजूनं येते. बांधाच्या आत पत्ता लागत नाही, पण बाहेर पाणी नुसतं उकळत असतं. नाखव्याचा टग एक बार्ज ओढत त्याच बाजूला गेला होता. फोन ओट्यावर, गॅसपासून हातभर अंतरावर ठेवलेला असायचा. मी त्यांच्या नवऱ्याच्या कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "सिग्नल नसेल, हबीबी. येईल, इन्शाल्ला." मी ते तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "इन्शाल्ला मनापासून म्हनाला की खलास करायला म्हनाला?" मग माझ्या लक्षात आलं की मला वाढून त्या ताट घेऊन बसतात, फ्रिजकडे बघतात आणि ताट तसंच उचलतात.

नारळी पौर्णिमेला पहाटेच त्या तयार होऊन अंगणात उभ्या होत्या. कासोटा घातलेलं हिरवं लुगडं, गळ्यात होतं नव्हतं तेवढं सोनं, आणि हातात नारळ. नारळाला सोनेरी कागद गुंडाळून जरीच्या दोऱ्यानं बांधलेलं, वर हळदकुंकू. आमच्याकडे सोन्याचा नारळ म्हणतात तो हाच. कोळी तो समुद्राला देतात आणि बोटीवरचं माणूस सुखरूप मागतात.

गेटवर हनीफभाई आडवे आले. नव्या साहेबांचा हुकूम होता, बाहेरचं कुणीही आत नको. त्यात त्या दिवशी परदेशातल्या ट्रॅव्हल कंपन्यांचे लोक रिसॉर्ट बघायला येणार होते. अख्ख्या हिवाळ्याचं बुकिंग त्यांच्यावर होतं.

"भाबी, आज नको. मेरी नोकरी जाएगी."

"हनीफ, तुजा बाप कोन होता?"

"खलाशी."

"मग गेट उघड."

हनीफभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिशातलं कार्ड काढून गेटला लावलं. मला शूर वगैरे वाटलं नाही. नाखवीण मागे उभ्या असताना कार्ड न लावणं जास्त भीतीचं होतं.

त्यांनी नारळ पाण्यात सोडला, हात जोडले, आणि वळूनही न बघता परत गेल्या. दरवर्षी तसंच करत. मागच्या वर्षापर्यंत बांध पुरा झाला नव्हता, नारळ ओहोटीबरोबर निघून जायचा. या वर्षी भिंत पुरी झालेली होती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही आणि माझ्या तर येणारच नव्हतं.

संध्याकाळी ट्रॅव्हलवाले पाहुणे पाण्याकाठी गाद्यांवर बसले होते. जनरल मॅनेजर हातात फळांचा रस घेऊन समुद्राच्या शांततेविषयी माझीच वाक्यं त्यांना ऐकवत होते. तेवढ्यात एक बाई किंचाळली.

गोल, सोनेरी, दोऱ्यांनी बांधलेलं काहीतरी पाण्यावर डुलत त्यांच्याकडे येत होतं. कुंकू भिजून त्यावर लाल ओघळ आले होते. दोऱ्याचं एक टोक सुटून वायरसारखं वर उभं राहिलं होतं. मला ते काय आहे हे माहीत असूनही मी दोन पावलं मागे सरलो.

कुणीतरी 'बॉम्ब' म्हणालं आणि लाइफगार्डनं शिट्टी मारली. लोक बाहेर धावले, गाद्या उलटल्या. जनरल मॅनेजरांचा चेहरा पांढरा पडला. "कुणी हात लावायचा नाही! हे आत आलं कुठून? सकाळी गेट कुणी उघडलं, सिस्टिममध्ये बघा. आणि पोलिसांना फोन लावा."

सिस्टिममध्ये माझं कार्ड होतं. पोलिस आले असते, तर पहिलं नाव माझं आणि दुसरं त्या बाईचं, जी नवऱ्याच्या व्हिसावर राहत होती आणि जिचा नवरा कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी हनीफभाईंकडे बघितलं. हनीफभाई डोंगराकडे बघत होते. कोकणातली आम्ही दोन माणसं, नारळ ओळखणारी, आणि दोघांनाही नोकरी प्यारी.

"सर," मी म्हणालो, "तो बहुधा नारळ असावा."

"नारळ सोन्याचा असतो?"

"आमच्याकडे... कधीकधी."

फोन साहेबांच्या हातातच होता. तेवढ्यात लॉबीच्या काचेच्या दारातून नाखवीण आल्या. हनीफभाईंनी त्यांना हळूच फोन केला होता, हे मला नंतर कळलं. रिसॉर्टमध्ये त्या पहिल्यांदाच मुख्य दारातून आल्या होत्या. पायांत चप्पल नाही. तेच हिरवं लुगडं, तेच सोनं. संगमरवरावरून, उदाच्या धुरातून त्या सरळ चालत आल्या, आणि दोन्ही बाजूंचे पोरगे दार धरून वाकले, कारण इतकं सोनं घातलेलं माणूस पाहुणाच असणार.

त्या पाण्यात शिरल्या. कमरेपर्यंत. लोक ओरडायला लागले, लाइफगार्ड धावला. त्यांनी ती वस्तू उचलली आणि बोटांच्या पेरांनी टक टक वाजवली. भरलेल्या नारळाचा तो आवाज किनाऱ्यावर सगळ्यांना ऐकू गेला.

कुणीतरी हसलं. मग टाळ्या. पाहुण्यांपैकी एकानं साहेबांना विचारलं, हा तुमचा स्थानिक सांस्कृतिक कार्यक्रम आहे का? साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "येस सर. हेरिटेज इव्हनिंग. सरप्राइज होतं." इतक्या वर्षांच्या गेस्ट रिलेशन्सची पुण्याई.

सगळे हसत होते. पाण्यात उभ्या असलेल्या नाखवीण मात्र नारळाकडे बघत होत्या, आणि मी त्यांना कधी तसं पाहिलं नव्हतं. वाहून गेलेलं कुंकू त्या बोटानं जागेवर आणू बघत होत्या.

मी पाण्यात गेलो. घोट्यापर्यंतच, पण गेलो.

"मॅनेजर," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "परत आला. त्यानं घेतला नाय."

त्यांच्या सासूनं एकदा सांगितलं होतं, दिलेला नारळ फिरून आला तर घरधन्याची वाट बघू नये. हे त्यांनी तेव्हा मला सांगितलं, त्या टाळ्यांच्या मधोमध. बॉम्ब बिम्ब सगळं माझ्या डोक्यातून गेलं.

"मावशी, समुद्रानं घेतला नाही असं नाही. त्याच्यापर्यंत गेलाच नाही. भिंत आहे ना मधे. तुम्हीच म्हणता, हा टब आहे म्हणून."

त्यांनी मान वर करून बांधाकडे पाहिलं. मग काठावर ओळीनं बांधलेल्या पायडलच्या बोटींकडे. हंसाच्या आकाराच्या, पांढऱ्या, लांब मानेच्या. बाहेर लाल बावटा लागल्यामुळे बाकीच्या बोटींना कुलपं होती.

"ते बदक भिंतीबाहेर जातं?"

"ते हंस आहेत. आणि नाही, मावशी. तोंडाशी दोरी लावली आहे, तिच्यापुढे परवानगी नाही."

"चालवायला दोन मानसं लागतात ना?"

आता मी साहेबांना काय सांगणार? "सर, कार्यक्रमाचा दुसरा भाग आहे," म्हणालो. साहेब पाहुण्यांसमोर हसत म्हणाले, "गो अहेड," आणि दातांतल्या दातांत, "पटकन."

लाइफ जॅकेट त्यांनी सोन्यावरून घातलं. नारळ मांडीवर. मी डाव्या पायडलवर, त्या उजव्या. त्यांचे पाय इतक्या जोरात चालायचे की बदक सारखं माझ्याकडे वळायचं.

"पाय मार, मॅनेजर! तुजं ऑफिस नाय हे!"

दोरीपर्यंत पाणी काचेसारखं होतं. तोंडाजवळ आलो आणि खालून काहीतरी मोठं, जिवंत, बदकाला उचलू लागलं. हंसाची मान करकरली. मागे लाइफगार्डच्या शिट्ट्या, त्यात हनीफभाईंचा आवाज, "भाबी, बस, बस!" दोरी बदकाच्या छातीला लागली. नाखविणीनं वाकून ती वर उचलली आणि आमच्या डोक्यांवरून मागे टाकली. पुढची लाट थेट माझ्या तोंडात आली. खारट, गार, आणि मला आठवलं की मला पोहता येत नाही. मी डोळे मिटून पायडल मारत राहिलो. घरी कुणी विचारलंच, तर माझं धाडस ते एवढंच.

डोळे उघडले तेव्हा भिंत आमच्या मागे होती. त्यांनी नारळ दोन्ही हातांत धरला होता.

"घे बाबा," त्या समुद्राला म्हणाल्या. "आनि आमचं मानूस दे."

आवाज मासळी विकताना असतो तसा. मागणं नव्हतं ते, व्यवहार होता. नारळ लाटेवर पडला, बुडाला, वर आला. आम्ही दोघं श्वास रोखून बघत राहिलो. तो थोडा आमच्याकडे आला. नाखविणीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की त्यांच्या पाटल्यांचे वळ उठले. मग पाणी भिंतीवरून उलटं फिरलं आणि त्याला घेऊन गेलं, एकदा दिसला, पुन्हा एकदा दिसला, मग नुसतं पाणी.

"खलास," त्या म्हणाल्या. "वळव."

त्या संध्याकाळी त्या जेवल्या. फ्रिजकडे बघत, पोटभर. मी नाही जेवलो, माझ्याखाली अजून बदक हलत होतं.

पण फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. त्या मासळीबाजारात जात होत्या, भांडत होत्या, पण जाताना फोन मला देऊन जात. "वाजला तर उचल. मी हातात धरून बसले तर वाजनार नाय तो." सुट्टी असून मी मनखूलला गेलो नाही. बायकोला कारण सांगितलं. तिनं टोमणा मारला नाही, त्यावरून मला प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं.

फोन वाजला तेव्हा त्या घरात नव्हत्या. मी उचलला. खरखर, वारा, आणि मग एक घोगरा आवाज, "हां?"

इतके दिवस भिंतीपलीकडून ऐकलेलं तेवढंच माझ्या तोंडात आलं.

"जेवलात?" मी म्हणालो.

"तू कोन रे जेवलास इचारनारा? ती कुठं हाय?"

"बाजारात. मी भाडेकरू. मॅनेजर."

"ओ, पोहता येत नाय तो!" म्हणाले आणि हसत सुटले. इंजिन बंद पडून ते बार्जसकट वाहत गेले होते, दुसऱ्या टगनं ओढून बंदरात आणलं होतं. माणसं सगळी ठीक. मी नारळाचं सांगितलं, बदकाचं सांगितलं. मग ते म्हणाले, "तिनं जेवन सोडलं होतं काय?"

"हो."

"ते मना सांगितलंस म्हनून तिला सांगू नको."

नाखवीण दारात आल्या, माझ्या कानाचा फोन बघितला आणि टोपली खाली ठेवली. फोन घेतला. भिंतीकडे वळल्या.

"जेवलास?" थोडं थांबून, "बरं."

फोन ओट्यावर ठेवून त्या फ्रिजसमोर जमिनीवर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. मी टोपलीतले मासे फ्रिजमध्ये ठेवले. न साफ करता ठेवले म्हणून नंतर शिव्या खाल्ल्या.

इथे गोष्ट संपली असती, पण माझं खोटं संपायला तयार नव्हतं. ट्रॅव्हलवाल्यांनी बुकिंग दिलं, आणि वर लिहिलं की ती नारळाची हेरिटेज इव्हनिंग फार आवडली. पुढच्या वर्षी जनरल मॅनेजरांनी मला बोलावून विचारलं, "ती गोल्डन कोकोनट लेडी कुठे आहे?" माझ्या फोल्डरमध्येही आता त्याबद्दल एक परिच्छेद आहे. मीच लिहिला.

नाखवीण नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. त्या मुख्य दारातूनच आल्या, हिरवं लुगडं, सगळं सोनं. भिंतीच्या आतल्या समुद्रात त्यांनी हसत एक सोनेरी नारळ सोडला, पाहुण्यांनी फोटो काढले, साहेबांनी टाळ्या वाजवल्या. नाखवा पुन्हा टगवर होता, ओमानच्या बाजूलाच.

गर्दी बुफेकडे वळल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. पदराखालून कापडी पिशवी काढली आणि उघडून दाखवली. आत दुसरा नारळ होता. त्याचा कागद जास्त निगुतीनं गुंडाळलेला, कुंकू ताजं.

"तो पाव्हन्यांचा," त्या म्हणाल्या. "यल्ला मॅनेजर, बदक काढ."